मिठाचं पाणी

हे मी इतकी वर्षं टाळलं. तुमी माह्या आठवणी लिहून घ्याले दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा मी विहिरीतून माणसं काढल्याच्या गोष्टी सांगून तुमाले वाटेले लावलं. आज हमीदभाईचं सांगतो. मधात थांबवू नका.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. बाप विहिरी खोदे, म्हणून पोहणं मले लहानपणापासूनच. कोणी विहिरीत पडलं का पहिले मले हाक. मंग ते खराब दिवस आले, लोक कपाशीवरचं औषध प्यायला लागले, महिन्याआड एखादं घर. तालुक्याले दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं शिबिर झालं, गावानं मलेच पाठवलं. बुडाला तर काय, साप चावला तर काय, औषध घेतलं तर काय. औषधाचं तर पाठच करून घेतलं, मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा, तो नाही म्हणते, ऐकू नका. हार्टचं नाव कोणी काढलं नाही. काहून नाही काढलं? याचाच मले राग येते. आमाले काय छात्या नव्हत्या?

तर हमीदभाई. बसस्टँडजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करत. हसरा माणूस, मले पाहून म्हणत, काय साहेब, आज कोणी बुडलं नाही वाटते? कपड्याले औषधाचा वास बाराही महिने.

एका दुपारी चहावाला धावत आला, हमीदभाई पडले म्हणे. गेलो. घामानं चिंब, ओकारी येऊन राहिली होती, अन् तो वास. माह्या डोक्यात एकच आलं. त्याईनं माह्या मनगटाले धरलं अन् म्हणाले, नामदेवभाऊ, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून राहिलं. मी म्हटलं, काय घेतलं ते सांगा. म्हणाले, कुछ नहीं लिया भाऊ, अल्ला कसम. आता काय सांगू तुमाले, सारेच नाही म्हणत, शिबिरात हेच तर शिकवलं होतं. जमलेल्यातल्या दोघाईनं हात धरले, मी जबडा धरला अन् दोन तांबे मिठाचं पाणी ओतलं. उलटी नीट झाली नाही म्हणून उभं करून चालवलं. चालता चालता कोसळले. तरी मी पोटच दाबत बसलो, छातीले हात लावला नाही.

पोस्टमार्टेममध्ये हार्ट निघालं. पण गाव म्हणे औषधच घेतलं, रिपोर्ट फिरवला, मिठाचं पाणी कोणाले पाजतात ते आमाले समजते. मातीच्या दिवशी कब्रस्तानातही कुजबुज, त्याईचा सख्खा भाऊ दूर उभा. अन् त्याईच्या बायकोनं, शमीमभाभीनं, मले इचारलं, भाऊ, शेवटी काही बोलले का? मी म्हटलं, नाही भाभी, शुद्धच नव्हती. काहून, तर बोलले म्हटलं असतं तर लोकाईनं इचारलं असतं, मंग पाणी काहून पाजलं.

मागल्या साली नातीच्या कॉलेजात, अमरावतीले, असंच शिबिर पाह्यलं. शिकवणारी नर्स म्हणे, छातीवर दडपण, घाम, ओकारी असली तर माणसाले चालवू नका, काही पाजू नका, टेकून बसवा अन् गाडी बोलवा. श्वास थांबला तर छाती दाबा, जोरात, थांबू नका. अन् औषध घेतलेल्यालेही उलटी करवू नका. म्हणजे मी दोन्हीकडून गेलो. इचारलं, बाई, हे नवीन निघालं का? म्हणे, नाही आजोबा, छाती दाबायचं तर लय जुनं आहे. जुनं होतं तर आमच्या गावाले कोणत्या बैलगाडीनं येऊन राहिलं होतं?

दुसऱ्याच दिवशी अकोल्याले गेलो, भाभी लेकीकडं राहत. सारं सांगाचं ठरवूनच गेलो. त्याईनं चहा ठेवाले लावला अन् लेकीले म्हणाल्या, इन्होंने तेरे अब्बा को बचाने की बहुत कोशिश करी. चहा पेलो, उठलो. भाभी या उन्हाळ्यात गेल्या. लेक आहे, तिले हे वाचून दाखवा, पण जे बोलाचं होतं ते भाभीलेच बोलाचं होतं, तसंच लिहा.

भाभी, ते बोलले होते. छातीत होऊन राहिलं म्हणाले, काही घेतलं नाही म्हणाले, अल्लाची कसम घेतली. मी ऐकलं नाही. मंग तुमच्याजवळ खोटं बोललो. मले माफ करा.