टोमॅटो नंबर सतरा

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोन जावा उभ्या होत्या. धाकटी प्रयोगशाळेच्या काचघरात झाडांना पाणी घालते. तिला हसू आवरत नव्हतं.

“ताई, मी सतरा नंबरचा टोमॅटो खाल्ला.”

“मग? कोण नको म्हणतंय?”

“तसला नाही हो! जनुकं बदललेला, दोन महिने न सडणारा. तिथल्या फ्रिजमध्ये माझ्या डब्याला टेकून होता. मला वाटलं, तुम्हीच दिलात. मीठ लावून खाल्ला.”

“अगं बाई! काही होतंय का तुला?”

“एक ढेकर आला, बस.”

“म्हणजे नोकरी गेली.”

“मलाही तेच वाटलं. मॅडमनी आत बोलावलं, दार लावलं. तीन साहेब आधीच उभे, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.”

“ओरडले?”

“छे हो! सहा वर्षं नुसती मोजमापं चाललीत, चाखायची परवानगी एकालाही नाही. मॅडम हळूच विचारतात, ‘चवीला कसा होता गं?’”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, घाईत खाल्ला, नीट कळलं नाही. अजून एक द्या.”

“आणि दिला?”

“दिला ना! पाच फोडी केल्या. मीठ माझ्याच डब्यातलं.”