शामरावाचा डावा हात

माझ्या थापा तुम्हाला पाठ आहेत, पण ही थाप नव्हे. सत्तरच्या दशकात पलूसच्या प्रौढ वर्गात माझ्या शेजारी शामराव बसायचा. सैन्यात असताना त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. सातवी पास झाला तर शिपायाची नोकरी मिळणार होती, म्हणून गडी डाव्या हातानं अक्षरं गिरवायचा.

आमचे गुरुजी वाईचे, संस्कृतवर भारी जीव. एकदा त्याची वाकडी अक्षरं बघून म्हणाले, “शामराव, अभ्यास हा शब्द मुळात संस्कृत. त्यातला ‘अस्’ म्हणजे फेकणं. पुन्हा पुन्हा फेकत राहायचं, तो अभ्यास. समजलं?”

“व्हय की गुरुजी. पलटणीत लय ग्रेनेड फेकली. एक तेवढं हातातच ऱ्हायलं.”

गुरुजींनी फळा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

परीक्षा सांगलीला होती. शेवटची घंटा झाली तेव्हा शामरावाचा निम्माच पेपर लिहून झाला होता. बाहेर गुरुजी आमची वाट बघत उभे होते.

“शामराव, कसा गेला पेपर?”

“निम्मा फेकला, गुरुजी,” तो म्हणाला. “निम्मा हातातच ऱ्हायला.”