जाम झालेला नट

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक गॅरेजवाली ताई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. तिला ऐकू जावं म्हणून तो ओरडत होता, तेव्हा मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये.

"ताई, एकदा ऑपरेशन फसलंय. पुन्हा कशाला?"

"तेव्हा हत्यारानं केलं. आता लेझरनं करणार."

"लेझर म्हणजे काय जादू आहे?"

"कानातलं इवलंसं हाड जाम झालंय. जाम झालेला नट तू हातोडीनं ठोकतोस?"

"नाही, तापवतो."

"कुणी शिकवलं?"

"तूच."

"मग? डॉक्टर उजेडाच्या झोतानं त्यात बारीक भोक पाडणार. धक्का न लावता."

"आणि आहे तेवढंही गेलं तर?"

"तर तुझी कटकट थांबेल."

"मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही. गिऱ्हाईक गाडी माझ्याकडे आणतं आणि बोलतं तुझ्याशी. माझ्याच गॅरेजात मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी."

"सांगतो की सगळं तुला."

"तुला पटेल तेवढंच."

तेवढ्यात नर्सनं ताईला आत बोलावलं. तिला ते ऐकू गेलं नाही; भावाला गेलं, पण तो छताकडे बघत बसला. मी सरळ ताईचा खांदा हलवला आणि दाराकडे बोट दाखवलं.

ताईनं भावाकडे पाहिलं.

"पिशवी धर. आत मी एकटी जाते."