मुरमाचं टेंडर

माझं माहेर बोरीचं, सासर पेडगावचं. चौथी झाली अन् लग्न लागलं. काय सांगू तुमाला, दारातनं कुणी हाक मारली तरी मी आत पळायची, अशी लाजाळू. मालक बैलगाडीनं सरकारी रस्त्याला मुरूम टाकायचे. त्याचं दरसाल टेंडर भरायचं, लखोट्याला लाख लावून परभणीच्या हापिसातल्या पेटीत टाकायचं, तेबी दुपारी तीनच्या आत. तीन वाजले की शिपाई पेटी उचलून साहेबाकडं नेणार, मग कुणाचं काही चालत न्हाई.

एका साली नेमका शेवटच्या दिवशी मालकांना हिवताप भरला. गोधडीतनं म्हणाले, तूच जा, काम गेलं तर बैल विकून मला परमुलखात मजुरीला जावं लागंल. लाख फुटू नये म्हणून लखोटा छातीशी धरून मी रेल्वेत बसले. गाडी वाटेत थांबली ती थांबलीच, हलंचना. शेजारच्या बाईला सारखं विचारायली, किती वाजले असतील, तर तिच्याजवळबी घड्याळ न्हाई.

हापिसात पोचले तर पेटीच्या शेजारी बाकड्यावर आमचे थोरले दीर बसलेले. वेगळे निघालेले, त्यांचंबी त्याच कामाचं टेंडर, ते कवाच पेटीत पडलेलं. आमच्यात थोरल्या दिरासमोरून बाईनं जायचं न्हाई, बोलायचं तर न्हाईच. मी पदर ओढून खांबाआड उभी राहिले. आता उठतील, मग उठतील, ते काही उठंनात. भिंतीवरचं घड्याळ मला वाचता येत होतं, तेच वाईट. शिपाई म्हणाला, चला, पेटी न्यायची वेळ झाली. माझं पाऊल काही उचलंना.

खांबाआडून माझा पदर दिसला असंल त्यांना. दीर उठले, भिंतीकडं तोंड केलं, माझ्याकडं पाठ करून उभे राहिले अन् शिपायाला म्हणाले,

"मामा, दम धरा. आमच्या घरची बाई यायलीय."

चपला हातात घेऊन, वाकून मी गेले अन् लखोटा टाकला. तो आत पडला न पडला तोच शिपायानं पेटी उचलली.

काम आमाला लागलं, त्यांचं गेलं. त्या साली त्यांनी बैलजोडी विकली. मालक म्हणतात, आपला दर कमी होता, त्यात त्यांचं काय. असंल. पण ते नुसते बसून राहिले असते तरी काम त्यांचंच झालं असतं की. हे त्यांना बोलायची सोय न्हाई, तशी रीतच न्हाई. आजबी ते रस्त्यानं जायले की मी पदर घेऊन आड होते, अन् मनात म्हणते, बाबा, तुमाला उदंड आयुष्य मिळो.