नंबर नसलेली शाळा

माझा भाचा विनय याची शाळा कशी चालायला लागली, ते ऐका; चहा निवायच्या आत सांगून होईल. त्याने कडावला परदेशी अभ्यासक्रमाची शाळा काढली. इमारत झाली, झोपाळे आले, मुलं तेवढी यायची राहिली होती. निवृत्त कारकून फुकट मिळतो, म्हणून मी ऑफिसात बसायचो.

पहिली चौकशी पोशीरच्या एका बाईंची. सगळं पसंत पडल्यावर त्यांनी विचारलं, "पहिला, दुसरा नंबर कधी जाहीर करता?"

"आमच्याकडे नंबर नसतात," विनय म्हणाला. "प्रत्येक मूल आपल्या गतीने फुलतं."

"नंबर नाय? मग आमी लोकांना सांगायचं काय?" बाई पिशवी उचलून उभ्या राहिल्या. विनयचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "घरात अजून कोण शिकतंय?"

"जावेचा पोरगा हाय. दरसाल पहिला येतो. पेढा देताना ती आमच्या पोराचा नंबर मुद्दाम विचारते."

"मग त्यालाही इथेच आणा. इथे तो कधीच पहिला येणार नाही."

बाई परत बसल्या.

सोमवारी त्या जावेचा हात धरूनच आल्या. फाटकापासून आवाज येत होता, "अगं, नंबराचं काय घेऊन बसलीस? प्रत्येक पोर आपल्या गतीनं फुलतं!"