हळब्यांच्या पायऱ्यांना कठडा

ऐका मंडळी! नाम घेऊन झालं, कंठ मोकळा झाला. आता एक प्रश्न विचारते. पेटी जरा थांबू द्या, श्रीधरपंत. या प्रश्नाला सूर नको, उत्तर हवं!

सेवा म्हणजे काय? आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते समोरच्याच्या पदरात टाकणं — की त्याला काय हवं आहे, हे आधी विचारणं?

बघा, माना कशा डोलताहेत! 'विचारणं, ताई, विचारणं!' अहो, मंडपात बसून सगळेच विचारतात. घरी गेल्यावर कोण विचारतं, ते सांगा! हे पुढच्या रांगेतले काका बायकोकडे बघायचं टाळताहेत. टाळा, काका, टाळा! आख्यान अजून सुरूही झालेलं नाही!

तर ऐका. साताऱ्याबाहेर एक जुनी वसाहत आहे. बैठे बंगले, पुढे हातभर बाग, प्रत्येक फाटकाशी एक तगर किंवा जास्वंद. त्यातला एक बंगला दिगंबर हळब्यांचा. पन्नास वर्षांचं बांधकाम. भिंतींना केसाएवढ्या भेगा, छज्ज्याखाली शेवाळाचे ओघळ, फाटकाला हात लावला तर तळवा तांबडा व्हायचा. दारापुढे चार पायऱ्या — उंच, अरुंद, जुन्या पद्धतीच्या. बाजूला धरायला काही नाही.

हळबे कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले. हाताला वळण, डोळ्याला माप. आणि माणूस चांगला हो! निर्व्यसनी, कष्टाळू, बायकोवर जीव असलेला. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. तुम्ही ऐकता आणि म्हणता, 'आपण काही असे नाही.' म्हणून मी चांगल्या माणसाची गोष्ट आणली आहे. आता पळून दाखवा!

हळब्यांच्या पत्नी कुमुदताई. त्यांचा एक नेम होता. सकाळी दूध तापवलं की रांगोळीचा डबा घ्यायचा, पायऱ्या उतरायच्या आणि फाटकाशी रांगोळी काढायची. मोठी नाही, ठिपक्यांची, वीतभर. पण रांगोळी काढता काढता वसाहत त्यांच्याशी बोलून जायची. 'काय कुमुदकाकू, आज कमळ का?' 'वहिनी, कढीपत्ता हवाय का?' शाळेत जाणारी पोरं रांगोळी चुकवून उड्या मारायची. सगळ्या जगाशी भेट त्या वीतभर जागेत!

गेल्या चैत्रात त्याच पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर घेऊन त्या घरात हिंडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता बाहेर पडा. चाललात तर चालाल."

पण बाहेर पडायचं कसं? वॉकर पायरीवर ठरत नाही. हळबे म्हणायचे, "अगं, मी आहे ना! हाक मार, उचलून खाली ठेवतो."

"ठेवतो म्हणजे? मी काय कुंडी आहे?" कुमुदताई म्हणाल्या. "मला उचलायला नकोय हो. मला धरायला हवंय. माझं मी उतरेन."

लक्षात ठेवा हे वाक्य, मंडळी. हळबे विसरले!

कारण त्याच सुमारास हळब्यांनी ठरवलं, की घराचं बाहेरचं रूप पालटायचं — आणि तेही गवंडी न लावता, स्वतःच्या हातांनी! दुपारभर मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. भिंत कशी घासावी, भेग कशी भरावी, टेक्स्चर पेंट कसा ओढावा. मग आलेखाच्या कागदावर घराचा दर्शनी भाग काढायचे. इथे दगडी फरशीचा पट्टा, इथे नावाची पाटी, इथे वरून उजेड पाडणारे दिवे. पायऱ्यांवर काळा ग्रॅनाइट.

कुमुदताई शेजारी बसून बघायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, छानच आहे. एवढं करताय, तर त्या पायऱ्यांना एका बाजूनं कठडा लावाल का?"

"बघू गं," हळबे म्हणाले. "कठड्यानं एलेव्हेशन तुटतं."

एलेव्हेशन तुटतं! ऐकलंत? बायकोचं हाड तुटलं, ते जुळलं म्हणून विसरले. आणि कागदावरची रेघ तुटेल म्हणून यांचा जीव कासावीस! घर रस्त्यावरून कसं दिसेल याची चिंता. रस्ता राहतो का हो तुमच्या घरात? रस्ता आजारी पडल्यावर तुम्हाला पेज करून देतो का?

सुरू झालं काम. हळबे शिडीवर! तारेच्या ब्रशनं शेवाळ घासलं, भेगा खरवडून भरल्या, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. खोटं कशाला बोलू — काम देखणं होत होतं. येणारे-जाणारे थांबायचे. "हळबेसाहेब, या वयात! कमाल आहे!" हळबे शिडीवरून हसायचे. स्तुती ही मोठी विचित्र चीज, मंडळी: बाहेरची ऐकू यायला लागली, की आतली हाक ऐकू येत नाही.

ग्रॅनाइट बसला त्या दिवशी कुमुदताई दारापर्यंत आल्या. आरशासारख्या पायऱ्या! त्यांनी वॉकरचा एक पाय पहिल्या पायरीवर टेकवून पाहिला. सर्रकन सरकला. त्या मागे झाल्या. "अहो, आता तर अजूनच निसरडं झालं. तेवढं कठड्याचं—"

"दसऱ्याच्या आत पुरं करायचंय गं! मध्ये मध्ये नवीन काढू नकोस!"

नवीन? चैत्रापासूनची गोष्ट — नवीन! आणि ती बाई काय मागत होती? हिऱ्याच्या कुड्या? एक नळी, मंडळी! हाताच्या मुठीत मावेल एवढी लोखंडी नळी!

पण खरी कडी पुढेच आहे. हळब्यांच्या एवढं मात्र ध्यानात आलं, की कुमुद सकाळी खिडकीतून फाटकाकडे बघत बसते. तिथली जागा मोकळी. त्यांचा जीव कळवळला. चांगला माणूस ना! त्यांनी रात्रंदिवस विचार केला आणि तोडगा काढला. पुठ्ठ्यावर कमळ कोरून छाप बनवला, आणि फाटकाशी, नव्या फरशीवर, ऑइलपेंटनं रांगोळी रंगवून टाकली! गुलाबी, हिरवी, चकचकीत. घरात येऊन म्हणाले, "तुझी काळजी मिटवली बघ! आता वर्षानुवर्षं पुसायची नाही!"

कुमुदताईंनी खिडकीतून पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

हळब्यांना वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीत!

श्रीधरपंत, आता सूर द्या. दोनच ओळी आहेत, माझ्याच, ओबडधोबड:

*भिंत रंगविली, दीप लाविले, शोभा चढली दाराला ।*
*आत बसविली घरची लक्ष्मी, वाट न उरली पायाला ॥*

आला दसरा. झेंडूचं तोरण, दिव्यांचा झोत, आणि सगळी वसाहत फाटकापुढे चहाला. हळबे नव्या सदऱ्यात उभे. "हे प्लास्टर मीच केलं... हो, हे दिवेही मीच जोडले..." फोटो निघताहेत, पाठीवर थापा पडताहेत. आणि तेवढ्यात, घरातून, खिडकीच्या गजांमागून, आवाज आला —

"कसं दिसतं हो आपलं घर?"

हातातले कप हातात राहिले. शेजारच्या नलिनी कसबेकर म्हणाल्या, "हळबेभावजी, म्हणजे कुमुदवहिनींनी अजून पाहिलंच नाही?"

"नाही कसं? फोटो दाखवलेत की!"

"फोटो पाहुण्यांना दाखवतात, भावजी," नलिनीवहिनी म्हणाल्या. "घरच्या बाईला घर दाखवतात."

हळब्यांचा चेहरा उतरला. लगबगीनं आत गेले. "चल कुमुद, चल! उचलतो मी. सगळे थांबलेत."

"नको."

"अगं, रागावलीस का? तुझ्यासाठी रांगोळीसुद्धा—"

आता कुमुदताई काय म्हणाल्या, ते कान देऊन ऐका. आवाज चढवला नाही त्यांनी.

"रांगोळी रोज पुसली जाते, म्हणून तर रोज बाहेर यावं लागतं, अहो. तुम्ही ती पुसायचीच नाही अशी केलीत. म्हणजे मी बाहेर यायचंच नाही, असं तुम्ही ठरवलंत. आणि मला म्हणालात, काळजी मिटवली."

दारात तोरण हलत होतं. हळबे वॉकर धरून उभ्या असलेल्या बायकोकडे बघत राहिले. चैत्रापासून त्यांनी घराची प्रत्येक वीट मोजूनमापून पाहिली होती. हिला मात्र आज पाहत होते.

रडले का? पाया पडले का? छे! असल्या गोष्टी नाटकात होतात. हळबे बाहेर गेले, पाहुण्यांना म्हणाले, "मंडळी, काम पुरं झालेलं नाही. क्षमा करा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या अंगणात पडलेली जुनी पाण्याची नळी घासायला बसले.

मग टेप घेऊन दारात आले. खाली बसले. मान वर करून बायकोला विचारलं, "कुठवर हवा?"

हाच तो प्रश्न, मंडळी! इवलासा! विचारायला किती दिवस गेले!

कुमुदताईंनी डोळे मिटले. उजवा हात हवेत धरला, बोटं मिटली — जणू कठडा तिथे आहेच. म्हणाल्या, "इथं." हळब्यांनी त्या मुठीखाली टेप लावला.

भोक पाडताना एका पायरीचा ग्रॅनाइट तडकला. ते थांबले नाहीत. बाकीच्या पायऱ्यांची चकाकीही मशीन लावून खरखरीत करून टाकली, स्वतःच्याच हातानं.

सिमेंट वाळलं. कुमुदताईंनी नळी धरली. एक पाय. मग दुसरा. हळबे खाली हात पसरून उभे, त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या. मी पडत नाही." उतरल्या! फाटकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि आपलं घर पहिल्यांदा नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कसं आहे?" हळब्यांनी भीत भीत विचारलं.

"रंग जरा भडक झालाय," कुमुदताई म्हणाल्या. "आणि ते कमळ खरवडून काढा. मला जागा हवीय."

हसलात! हसा. पण हसून घरी जाऊ नका, माझं अजून संपलं नाही!

देवस्थानचे अध्यक्षसाहेब, आपणही हसलात. आता मी आपल्याला विचारते. या देवळाचं नूतनीकरण याच वर्षी झालं ना? महाद्वार नवं. दिवे नवे. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या नव्या. आणि रस्त्यापासून सभामंडपापर्यंत नव्या पायऱ्या — काळ्या, गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. बाजूला धरायला काय आहे? सांगा ना! बोला!

मघाशी मी वर येत होते. खाली रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलेली दिसली. मी म्हटलं, "वर येत नाही?" एक आजोबा म्हणाले, "कर्ण्यातून ऐकू येतं हो ताई. पूर्वी गाभाऱ्यापर्यंत यायचो." आयुष्यभर या देवळाची झाडलोट केलेली माणसं ही! तुम्ही देवाला सजवलंत आणि देवाच्या माणसांना कर्ण्यापुढे बसवलंत! त्यांना काय हवं, कोणी विचारलं? एकानं तरी?

मागे वळून बघू नका, दिसायची नाहीत ती इथून. त्यासाठी उठावं लागेल.

म्हणून आजची आरती इथे होणार नाही. गुरवकाका, तबक माझ्या हातात द्या. वात सांभाळा. देव कुठेही ओवाळून घेतो; त्याला पायरी अडवत नाही. मी खाली रस्त्यावर चालले आहे, त्या खुर्च्यांपाशी. ज्यांना आरतीला यायचं असेल, त्यांनी माझ्यामागून यावं.

जपून उतरा, मंडळी. धरायला काही नाही.