होडीला होडी

तीन पत्तीत पानं कोणालाही वाचता येतात, माणूस वाचता यायला हवा. हे मला माझी वल्ही गेली तेव्हा कळलं.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या आणि आम्ही मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, पत्ते कुटत बसायचो. तिथे शेजारच्या बस्त्यावने माझी वल्ही जिंकली. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आलेली. वल्ह्यांवाचून होडी पाण्यात कशी घालणार? परत आणायचीच, असं ठरवलं.

चार दिवस मी न खेळता नुसता बघत बसलो. बस्त्याव पानं न बघताच चाल करायचा. आमच्यातला तिसरा गडी दाजी पानं बघितली की भिऊन टाकायचा. माझी रीत तेवढी मला दिसेना. म्हणून दाजीलाच विचारलं.

"तुझी रीत पोरांका पण ठाऊक आसा," दाजी म्हणाला. "पान बरां नसलां तर तू चाल करणंस नाय. तू चाल केलंस की आमी पानां टाकतो."

दुसऱ्या दिवशी बस्त्यावने वल्ही लावली, मी माझं जाळं लावलं. मला आली दुरी, चौकी, सत्ती; अगदीच फुटकी पानं. मी म्हटलं, "आता होडीला होडी."

बस्त्यावने तेव्हा पहिल्यांदा पानं उचलून बघितली. राजांची जोडी होती, ते मागाहून कळलं. मग माझ्याकडे बघितलं आणि पानं टाकली.

"वल्ही घेवन जा रे. होडी नाय मी घालवूचंय."

लपवणं माझ्या स्वभावात नाही. मी पानं उलटून दाखवली.

बस्त्यावने ती दुरी उचलून मागूनपुढून बघितली. "दाजी," तो म्हणाला, "ह्येका ह्यां कोणी शिकवल्यान?"

दाजी मान खाली घालून पत्ते पिसायला लागला.